कातरवेळेची दुर्बीण

दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो: किती लांबचं दिसतं? या प्रश्नाच्या उत्तरानं कुणाचंच काही भागत नाही. आभाळ मोकळं असेल तर नुसत्या डोळ्यांना चंद्रही दिसतो. शिकारीला जाणाऱ्यानं, किंवा माझ्यासारखं नुसतं जनावर बघायला रानात जाणाऱ्यानं, विचारायला हवं ते असं: उजेड किती उरला असताना दिसतं?

हरणं, डुकरं, बहुतेक चरणारी जनावरं उघड्यावर येतात ती झुंजुमुंजू होताना आणि दिवस बुडता बुडता. दुपारभर ती झाडोऱ्यात, सावलीला पडून असतात. म्हणजे दुर्बिणीचं खरं काम दिवसातल्या दोन छोट्या तुकड्यांत असतं, आणि नेमक्या त्याच वेळी हलक्या प्रतीची दुर्बीण हात टेकते. भर उन्हात दुकानाच्या दारातून समोरची पाटी वाचायला कुठलीही चालते. ऊन सगळ्या दुर्बिणींना सारखंच देखणं करून टाकतं.

मी बंदूक बाळगत नाही, बाळगायची इच्छाही नाही. पण दुर्बिणीबद्दल जे काही शिकले ते मुख्यतः शिकार करणाऱ्यांच्या सोबतीनं. त्याचं कारण सरळ आहे. मला पाखरू नीट दिसलं नाही तर फार तर हळहळ वाटते. शिकाऱ्याला मात्र जे दिसतं त्यावर एक निर्णय घ्यायचा असतो, आणि तो मागे घेता येत नाही. समोर नर आहे की मादी? मादी असेल तर तिच्यामागे गवतात पाडस आहे का? जनावर पुरत्या वयाचं आहे का? त्याच्या पलीकडे, गोळी जिथवर जाऊ शकते तिथवर, कोणी माणूस तर नाही? शिकारीला जिथे परवाना मिळतो तिथेही कुठलं जनावर मारता येईल याचे नियम असतात, आणि ते नियम पाळायचे म्हणजे आधी डोळ्यांनी नीट पाहायचं. बंदुकीवरच्या स्कोपमधून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो घातक आहे. स्कोपमधून बघायचं म्हणजे जे अजून ओळखलंच नाही त्याच्यावर नळी रोखायची. झुडपात हललेलं काहीतरी लाकडं गोळा करणारा माणूसही असू शकतो. ओळख दुर्बिणीनं पटवायची, स्कोप त्यानंतरचा. म्हणून शिकारीच्या सामानात काटकसर करायचीच असेल तर ती दुर्बिणीवर करू नये, असं मी ठामपणे म्हणते. आणि तरीही सगळ्यात महागडी घ्यायची गरज जवळजवळ कुणालाच नसते. पैसा नेमका कुठे घालायचा ते कळायला हवं.

दुर्बिणीवर दोन आकडे कोरलेले असतात, ८×४२ किंवा १०×५० असे. पहिला म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. ८×४२ चं उत्तर येतं ५.२५. दुर्बीण हातभर लांब धरून मोकळ्या आभाळाकडे रोखली की डोळ्याकडच्या भिंगात एक लख्ख गोल ठिपका दिसतो. त्याचा व्यास हा, ५.२५ मिलिमीटर. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. दुर्बिणीनं गोळा केलेला सगळा उजेड या ठिपक्यातून बाहेर येतो आणि तुमच्या डोळ्याच्या बाहुलीतून आत जातो. भर उन्हात बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची झालेली असते, त्यामुळे खिशात मावणारी १०×२५ सुद्धा दुपारी छान दिसते; तिचा ठिपका २.५ मिलिमीटरचा आहे आणि तेवढा पुरतो. अंधारायला लागलं की बाहुली रुंदावते, आणि तिला जास्त उजेड हवा असताना ही छोटी दुर्बीण तेवढाच बारीक ठिपका पुढे करते. चित्र काळवंडतं. भिंगं उत्तम असली तरी काळवंडतंच, कारण हा भागाकार कुठल्याही कारागिराला बदलता येत नाही.

आता यातली फारशी न सांगितली जाणारी बाजू. बाहुली किती रुंदावते हे वयावर अवलंबून असतं. विशी-पंचविशीत ती अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीच्या आसपास बहुतेकांची पाचच्या घरात, कधी त्याहूनही कमी. माणसामाणसात फरक असतो, पण उतरण सगळ्यांचीच आहे. शिकारीसाठी म्हणून ८×५६ ही दुर्बीण फार नावाजली जाते. मचाणावर रात्रीच्या तोंडाशी बसणाऱ्यांची ती आवडती. तिचा ठिपका बरोबर सात मिलिमीटरचा. पण ज्याची बाहुली पाचच उघडते त्याच्या डोळ्यात तिचा निम्माच उजेड शिरतो, उरलेला बुबुळावर पडून वाया जातो. त्याच्या दृष्टीनं ती ८×४० इतकीच उजळ. पैसे आणि वजन मात्र ५६ चं. पन्नाशी ओलांडलेल्यानं हे गणित मनातल्या मनात केलं तरी मोठी रक्कम वाचते, आणि मानेवरचं ओझंही उतरतं. मोठ्या ठिपक्याचा एक फायदा उरतो तो सांगायला हवा: डोळा इकडेतिकडे सरकला तरी चित्र चटकन काळं होत नाही.

विक्रीच्या माहितीपत्रकात ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आणखी एक आकडा मोठ्या दिमाखात छापलेला असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. ८×४२ चं १८.३, १०×४२ चं २०.५, ८×५६ चं २१.२. यात तथ्य आहे: कमी उजेडात थोडी जास्त पट मिळाली तर बारकावे अधिक कळतात. पण हाच हिशेब २०×२५ अशा एखाद्या चिमुकल्या दुर्बिणीला लावून बघा. २२.४ येतात, म्हणजे कागदावर ती ८×५६ च्याही पुढे. प्रत्यक्षात तिचा ठिपका सव्वा मिलिमीटरचा. तिन्हीसांजेला तिच्यातून झाड आणि जनावर वेगळं कळणार नाही. शिवाय या आकड्याला भिंगाचा दर्जा कळत नाही. दोन दुर्बिणींचे आकडे सारखे असतील तर उत्तर सारखंच येणार, मग एकीची किंमत दुसरीच्या दहापट का असेना. त्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

दर्जा कळतो तो काचेवरच्या थरांत. इथे जरा रेंगाळते, कारण दुर्बिणीच्या किमतीतला मोठा वाटा इथे जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

उजेड हवेतून काचेत शिरताना किंवा काचेतून बाहेर पडताना साध्या काचेवर सुमारे चार टक्के परत फिरतो. एका ठिकाणी चार टक्के म्हणजे काहीच नाही. पण दुर्बिणीच्या एकेका नळीत भिंगं आणि लोलक मिळून असे दहा ते सोळा पृष्ठभाग असतात. बारा धरले तर शेवटी डोळ्यापर्यंत ६१ टक्के उजेड पोचतो. उरलेला नुसता हरवतही नाही; तो आतल्या आत उलटसुलट फिरून चित्रावर धुक्यासारखा पसरतो आणि काळ्याचं करडं करून टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅरॉल्ड डेनिस टेलर या इंग्रज भिंगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की वयानं डागाळलेली जुनी भिंगं नव्या भिंगांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात. काचेवर आपोआप चढलेला पातळ थर परत फिरणारा उजेड मारत होता. हेच मुद्दाम आणि हवं तसं करण्याची रीत १९३५ मध्ये भिंगं आणि दुर्बिणी बनवणाऱ्या त्साइस या जर्मन कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधली: निर्वात पेटीत भिंगावर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाइतका पातळ थर चढवायचा. थराच्या वरून परतणारी लाट आणि खालून परतणारी लाट एकमेकींना खोडून काढतात. तेव्हा हे लष्करी गुपित म्हणून जपलं गेलं. आज चांगल्या बहुथरी कोटिंगवर परत फिरणारा उजेड अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो, आणि त्याच बारा पृष्ठभागांतून ९४ टक्के पार होतो.

खोक्यावरचे शब्द म्हणून जपून वाचायचे. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठल्यातरी एका पृष्ठभागावर एक थर. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. कातरवेळी उपयोग करायचा असेल तर हे तिसरं हवं, याखाली उतरू नये. तेही खरं आहे की नाही हे थोडं तपासता येतं. पुढच्या भिंगात खोलीतल्या दिव्याची प्रतिबिंबं पाहा. फिकट हिरवी, जांभळी, मंद असतील तर ठीक. त्यात एखादं पांढरं झगझगीत प्रतिबिंब दिसलं तर आतली काच उघडी राहिली आहे. आणि माणकासारखी लालभडक चमकणारी भिंगं असतील तर दुर्बीण खाली ठेवा. ती लाल चमक म्हणजे डोळ्यापर्यंत पोचायला हवा होता तो उजेड.

रंगाचाच आणखी एक मुद्दा आहे. उजेड मंदावत जातो तसा आपला डोळा लाल रंगाला आंधळा होत जातो आणि निळ्या-हिरव्याला जास्त जागा राहतो. पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञानं १८१९ च्या सुमारास हे टिपलं, त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. काही स्वस्त दुर्बिणी चित्राला पिवळट झाक देतात. उन्हात ती उबदार वाटते, गिऱ्हाईक खूश होतं. पण पिवळट दिसण्याचा अर्थ निळा भाग अडवला जातोय, आणि संध्याकाळी डोळा त्याच भागावर विसंबून असतो. पांढऱ्या कागदाकडे एकदा नुसत्या डोळ्यांनी, एकदा दुर्बिणीतून पाहिलं की झाक लगेच ध्यानात येते.

आता बांधणी. दुर्बिणीतलं चित्र उलटं पडतं, ते सुलट करायला आत लोलक लागतात. इटालियन तोफखाना अधिकारी इग्नात्सिओ पोर्रो यांनी लोलकांची एक रचना १८५४ मध्ये पेटंट केली, आणि १८९४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्या कामातून त्साइसनं तशा दुर्बिणी बाजारात आणल्या. खांद्यांशी रुंद, पुढची भिंगं एकमेकांपासून डोळ्यांपेक्षा लांब असलेली जुन्या घाटाची दुर्बीण ती हीच, पोर्रो. दुसरी रूफ प्रिझमची: सरळ नळ्यांची, सडपातळ, आजकाल दुकानात जास्त हीच दिसते. दिसायला साधी पण आतून फार नाजूक. तिच्या लोलकाच्या छपरासारख्या कडेवर उजेड दोन भागांत विभागतो आणि ते दोन भाग एकमेकांशी किंचित बेसूर होऊन बाहेर पडतात, त्यामुळे बारकावे बोथट होतात. त्यावर उपाय म्हणून फेज कोटिंग १९८८ मध्ये त्साइसनंच आणलं. शिवाय या रचनेच्या नेहमीच्या प्रकारात लोलकाच्या एका बाजूला आरशाचा मुलामा द्यावा लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर उजेड बराच खातो, चांदीचा कमी, आणि डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातू नसलेल्या पातळ थरांचा असेल तर जवळजवळ खातच नाही. पोर्रो लोलकाला यातलं काहीच लागत नाही. तो उजेड नुसत्या काचेच्या जोरावर परावर्तित करतो.

याचा अर्थ खिशाच्या दृष्टीनं फार मोठा आहे. हात आखडता असेल तर त्याच पैशांत पोर्रो दुर्बीण रूफ दुर्बिणीपेक्षा चांगलं, उजळ चित्र देते. पुढची भिंगं एकमेकांपासून लांब असल्यानं खोलीही जास्त जाणवते. झुडपाच्या मागचं जनावर झुडपापासून सुटून दिसतं. तिचा तोटा अंगानं मोठी असण्याचा, आणि बहुतेक पोर्रोंमध्ये फोकस करताना डोळ्याकडचा भाग आतबाहेर सरकतो म्हणून पाणी आणि धूळ शिरण्याचा. पावसापाण्यात सतत फिरणाऱ्यानं रूफ घ्यावी, पण माहितीत फेज कोटिंगचा स्पष्ट उल्लेख असेल तरच. तो नसलेली स्वस्त रूफ दुर्बीण हा बाजारातला सगळ्यात फसवा सौदा आहे: रूप महागड्या दुर्बिणीचं आणि चित्र मळकट. डायइलेक्ट्रिक मुलामाही मिळाला तर उत्तम. ईडी काच, जी कडांवरची जांभळी-हिरवी रेघ कमी करते, तिच्यासाठी मी बजेट ताणणार नाही. ती चांगलीच असते, पण कोटिंग हलकं असताना ईडी काचेचं नाव छापलेलं असलं तरी त्याचा उपयोग नाही.

मग पट किती? दाट रानात सात किंवा आठ. उघड्या डोंगरउतारावर, माळावर, दहा. दहाच्या वर हातात धरून बघण्यात काही हशील नाही, कारण जितकी पट तितकी हाताची थरथरही मोठी दिसते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते तेव्हा तर जास्त पट म्हणजे नुसत्या जास्त लहरी. आणि पट वाढली की नजरेचा घेर आवळतो. साधारण ८×४२ मधून हजार मीटरवर १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे शंभर मीटरवर १३ मीटर. १०×४२ मध्ये तो हजारावर ११० च्या आसपास येतो. झाडांतून पळणारं जनावर नजरेत ठेवायचं तर ते वीस मीटर मोलाचे असतात. मी स्वतः ८×४२ वापरते आणि एकच दुर्बीण घ्यायची असेल तर कुणालाही तीच सुचवते. झूमवाल्या दुर्बिणींचा विचार करू नका. जास्त हलते भाग, अरुंद घेर, आणि दोन्ही नळ्यांची पट कायम सारखी राहणं कठीण.

चष्मा असणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’ हा आकडा आधी पाहावा. डोळा भिंगापासून किती दूर असताना पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. चष्म्यासह वापरायला किमान १५-१६ मिलिमीटर हवेत, नाहीतर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं होतं. डोळ्याजवळच्या रबरी कडा फिरवून आत घेता येतात का तेही बघा.

नळ्यांची समांतरता मात्र आकड्यांत कुठेच छापलेली नसते, आणि हलक्या दुर्बिणी इथे सर्रास कमी पडतात. दोन्ही नळ्या एकाच जागी बघत नसतील तर मेंदू ओढून ताणून दोन चित्रं जुळवतो. दुकानात पाच मिनिटं कळत नाही. रानात तासाभरानं डोळे ठणकायला लागतात, कपाळ दुखतं. तपासायला सोपं आहे. दूरच्या एखाद्या आडव्या सरळ रेषेवर, छपराच्या कडेवर म्हणा, दुर्बीण रोखा, ती कशावर तरी टेकवून स्थिर ठेवा आणि डोळे हळूहळू मागे न्या. दोन वर्तुळं वेगळी होतील. दोन्हींत ती रेषा एकाच उंचीवर असायला हवी. एकात वर आणि एकात खाली असेल तर त्या नगाला हात लावू नका, दुसरा मागा. त्याच वेळी हातभर लांब धरून तो उजेडाचा ठिपकाही बघून घ्या: पूर्ण गोल हवा. कडा करड्या, कापल्यासारख्या, चौकोनी दिसल्या तर लोलकाची काच हलक्या प्रतीची आहे.

दुकानात शक्यतो दिवस मावळताना जावं. ते जमत नसेल तर दुर्बीण खिडकीबाहेर न रोखता आतल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याकडे, कपाटाखाली, टेबलाच्या सावलीत रोखायची आणि तिथलं बारीक काही वाचता येतं का ते पाहायचं. मग लख्ख आभाळापुढच्या काळ्या फांदीकडे. दोन-तीन दुर्बिणी एकाच जागी लागोपाठ बघितल्याशिवाय फरक कळत नाही, आणि एकदा कळला की पुन्हा आकडे वाचावेसे वाटत नाहीत.

जुनी, वापरलेली दुर्बीण घ्यायला मी कचरत नाही. चांगल्या कारखान्याची जुनी पोर्रो आजही अनेक नव्या खेळण्यांना मागे टाकते. फक्त पुढच्या भिंगातून उलट्या बाजूनं विजेरीचा झोत टाकून आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती काचेवरचा थर खाते आणि साफ केल्यावरही डाग उरतात. दुधाळ पडदा दिसला तरी नको. पडून लोलक हललेला असेल तर वरची रेषेची चाचणी ते सांगतेच.

वजनाकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. ८×४२ सहाशे ते आठशे ग्रॅमची असते. गळ्यातल्या पट्ट्यानं ती दिवसभर मानेवर लोंबते, म्हणून खांद्यांवरून जाणारा हार्नेस घ्यावा. दुर्बिणीच्या मानानं तो अगदी स्वस्त असतो. बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून बघितलं तर आठ पटीची दुर्बीण उभ्यानं धरलेल्या दहा पटीहून जास्त दाखवते.

घरी आणल्यावर आधी ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यायची. उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला चित्र स्वच्छ करायचं, मग डावं झाकून उजव्या डोळ्याकडची कडी फिरवायची आणि तिथला आकडा लक्षात ठेवायचा. कितीतरी चांगल्या दुर्बिणी केवळ ही कडी कधी फिरवलीच नाही म्हणून धुरकट ठरतात.

आणि पुसण्याची घाई करू नये. शर्टाच्या टोकानं भिंग पुसणारे मला बघवत नाहीत. भिंगावरची धूळ म्हणजे दगडाचे कण, आणि आपण पैसे मोजलेत ते त्या कणांखालच्या केसाहूनही पातळ थरांसाठी. आधी हवेच्या फुग्यानं धूळ उडवायची, मग मऊ ब्रशनं झटकायची, आणि बोटांचे ठसे राहिलेच असतील तर शेवटी भिंगांच्या कापडाचा किंचित ओलसर कोपरा. पावसाळी हवेत ती बंद चामडी पेटीत महिनोन्महिने ठेवली की बुरशीला रान मोकळं मिळतं. सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, पुडी ओलावली की बदलावी, आणि मधून मधून बाहेर काढून उजेडाकडे धरून आतली काच बघत राहावी.